आतल्या माणसाला सही कशाला?



आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस ई-मेल लिहिण्यात आणि वाचण्यात जातो. म्हणून एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. आज सकाळी आपण आपल्याच कंपनीतल्या सहकाऱ्याला जो मेल पाठवला, त्याच्या खाली आपले नाव, पद आणि फोन नंबर होता का? आपण म्हणाल, "असणारच, सिग्नेचर आपोआप लागते." मग दुसरा प्रश्न. ती लागली हे आपण स्वतः पाहिले, की ज्याला मेल मिळाला त्याला विचारले?

प्रश्न तांत्रिक वाटतो, आणि तो तांत्रिक आहेच. मेल सर्व्हर सांभाळणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. कंपनीबाहेर जाणाऱ्या मेलला सिग्नेचर लागते आणि आतल्या मेलला लागत नाही, ही तक्रार आमच्या व्यवसायात नवी नाही. पण ती सोडवताना दर वेळी माझ्यापुढे एक नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो तुमच्यापुढे ठेवावा असे वाटले. जो माणूस आपल्याच घरातला आहे, त्याला "हे मी सांगतो आहे, अमुक जबाबदारीने सांगतो आहे, शंका असेल तर मला इथे विचार" असे सांगण्याचे बंधन आपल्यावर आहे का? की ते फक्त परक्यांसाठी आहे?

एका रात्रपाळीची गोष्ट

एक उदाहरण सांगतो. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. तिचे एक कार्यालय इंग्लंडमध्ये आणि एक पुण्यात. दोन्हीकडची माणसे एकाच मेल व्यवस्थेत. हिवाळ्यातली एक संध्याकाळ. इथे साडेपाच वाजलेले, म्हणजे पुण्यात रात्रीचे अकरा. रात्रपाळीवर कंत्राटी नोकरीवरचा एक तरुण मुलगा होता. त्याला इंग्लंडहून दोन ओळींचा मेल आला: अहवाल तयार करण्याचे काम आजची रात्र थांबवा. खाली काहीही नाही. वर फक्त पाठवणाऱ्याचे नाव.

त्या नावाचे दोन जण कंपनीत होते. एक त्या प्रणालीचे जबाबदार व्यवस्थापक, दुसरे विक्री विभागातले. मुलाला वाटले, व्यवस्थापकांनीच सांगितले असणार. त्याने काम थांबवले. मेल होता दुसऱ्यांचा, आणि त्यांना म्हणायचे होते ते त्यांच्या विभागाच्या एका लहानशा अहवालाबद्दल. सकाळी ग्राहकांना अहवाल गेले नाहीत, आणि चौकशी सुरू झाली. पहिला प्रश्न विचारला गेला तो त्या मुलाला: "खात्री का करून घेतली नाहीस?" त्याच्या नावावर तशी लेखी नोंदही झाली.

ज्यांनी मेल पाठवला ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माझ्या प्रत्येक मेलखाली माझे पद आणि फोन नंबर असतो. ग्राहक त्यावरूनच मला फोन करतात." मुलाने आपल्या स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात खाली काहीच नव्हते. मग कुणीतरी म्हणाले की यांनी सिग्नेचर मुद्दाम काढली असेल. दुसरे म्हणाले, मुलानेच खालचा भाग कापून फोटो पाठवला असेल. आमच्याकडे तक्रार पोचेपर्यंत दोन माणसांच्या प्रामाणिकपणावर शंका घेऊन झाली होती. तक्रारीत मात्र एवढेच लिहिले होते: अंतर्गत मेलना सिग्नेचर लागत नाही, कृपया तपासावे.

दोष कसा शोधतात

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचा विचार यावरच उभा आहे.

सिग्नेचर दोन ठिकाणी लागू शकते. पहिली जागा म्हणजे आपला संगणक. आउटलुकमध्ये नव्या मेलसाठी एक निवड असते आणि उत्तर देताना किंवा मेल पुढे पाठवताना दुसरी. पुष्कळांनी पहिली भरलेली असते आणि दुसरी रिकामी ठेवलेली असते. त्यामुळे नव्या मेलला सिग्नेचर दिसते, उत्तराला दिसत नाही. फोनवरच्या आउटलुकची सिग्नेचर याहून वेगळी, ती फोनमध्येच भरावी लागते. म्हणून पहिली तपासणी ही: सिग्नेचर जाते ती नव्या मेलची की उत्तराची, संगणकावरची की फोनवरची, एकाची की सगळ्यांची?

दुसरी जागा म्हणजे सर्व्हर. आपण 'सेंड' दाबल्यावर मेल सर्व्हरवरून पुढे जातो, आणि तिथे लिहून ठेवलेला नियम त्याच्या शेवटी मजकूर जोडतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये याला मेल फ्लो रूल किंवा ट्रान्सपोर्ट रूल म्हणतात. नाव, पद, फोन ही माहिती तो कंपनीच्या डिरेक्टरीतून उचलतो. या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्व्हरने जोडलेला मजकूर मेल लिहिताना दिसत नाही, आणि आपल्या 'सेंट आयटम्स'मधल्या प्रतीतही दिसत नाही. तो दिसतो फक्त ज्याला मेल मिळाला त्याला.

आता विचार करा. आउटलुकची स्वतःची निवड नवा मेल की उत्तर आणि कुठले खाते एवढेच पाहते. मेल मिळणारा माणूस कंपनीतला आहे की बाहेरचा, हे ती पाहत नाही. मग बाहेर सिग्नेचर जाते आणि आत जात नाही, एवढ्यावरूनच कळते की दोष माणसाच्या संगणकावर नाही, सर्व्हरच्या नियमात आहे. दोघांपैकी कुणावर संशय घेण्याआधी एवढा विचार पाच मिनिटांत करता आला असता.

काही जण सांगतात की आतला मेल सर्व्हरच्या त्या टप्प्यातून जातच नाही. एक्स्चेंजमध्ये हे खरे नाही. एकाच संस्थेतल्या दोघांचा मेलही त्याच टप्प्यातून जातो. मात्र काही कंपन्या सिग्नेचर लावण्याचे काम बाहेरच्या सेवेला देतात, आणि फक्त बाहेर जाणारा मेल त्या सेवेकडे वळवतात. तिथे आतला मेल त्या सेवेपर्यंत पोचत नाही, हे खरे. आमच्या प्रकरणात तसे नव्हते. मेसेज ट्रेस काढला, म्हणजे तो मेल कुठून कुठे गेला आणि त्याच्यावर कोणते नियम लागले याची नोंद पाहिली. सिग्नेचरचा नियम त्याला लागला नव्हता. मग नियम उघडून वाचला. त्यात एक अट होती: मेल मिळणारा संस्थेच्या बाहेरचा असेल तरच.

म्हणजे कुणी सिग्नेचर काढली नव्हती, कुणी फोटो कापला नव्हता. दोघेही खरे बोलत होते. नियमही त्याला सांगितले होते तेच करत होता.

अट कुणी घातली, का घातली

आपण प्रतीत्यसमुत्पादाबद्दल ऐकतो, वाचतो. कोणतीही गोष्ट आपोआप घडत नाही, ती अटींवर उभी असते. अट बदलली की गोष्ट बदलते. माझ्या कामात हे मला रोज दिसते. "हे कुणामुळे झाले?" असे विचारले की एक नाव मिळते आणि तपास तिथेच थांबतो. "हे कोणत्या अटींमुळे झाले?" असे विचारले की तपास पुढे सरकतो. पहिल्या प्रश्नाने त्या मुलाच्या नावावर नोंद झाली. दुसऱ्या प्रश्नाने नियम सापडला.

मग ती अट तरी का घातली होती? त्यालाही कारण होते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना व्यवसायाच्या ई-मेलमध्येही कंपनीचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता द्यावा लागतो. कागदी पत्रांना हे बंधन आधीपासून होते, तेव्हापासून ते ई-मेललाही स्पष्टपणे लागू झाले. कायद्याचा हेतू चांगला आहे. जो परका माणूस आपल्याशी व्यवहार करतो, त्याला आपण कोण आहोत आणि आपल्याला कुठे गाठायचे हे कळले पाहिजे. बऱ्याच कंपन्यांची आपोआप लागणारी सिग्नेचर या गरजेतून येते. म्हणून नियम लिहिणाऱ्याने बाहेरच्यांचाच विचार केला.

दुसरे कारण सोयीचे. एक्स्चेंजचा नियम मजकूर जोडतो तो मेलच्या अगदी शेवटी, म्हणजे सगळ्या जुन्या उत्तरांच्याही खाली. आतल्या आत दहा वेळा उत्तरे-प्रत्युत्तरे झाली की तळाशी सिग्नेचरचा ढीग साचतो. कुणीतरी वैतागून म्हटले असेल, "आपण सगळे एकमेकांना ओळखतो, आत कशाला हवी?" आणि अट घातली गेली. यात दुष्टपणा कुठेच नाही. पण "आपण सगळे एकमेकांना ओळखतो" हे वाक्य कोण म्हणू शकतो, याचा विचार करा. ज्याला सगळे ओळखतात, तोच. इंग्लंडमध्ये पंधरा वर्षे काढलेले व्यवस्थापक हे म्हणू शकतात. पुण्यात तीन महिन्यांपूर्वी कंत्राटावर लागलेला मुलगा म्हणू शकत नाही.

कायद्याने परक्याला जे मिळवून दिले, ते घरातल्या सर्वांत नव्या माणसाला मिळत नव्हते. आणि ते मिळत नाही हे पाठवणाऱ्याला कळण्याचा मार्गही नव्हता, कारण त्याच्या स्क्रीनवर आतला मेल आणि बाहेरचा मेल सारखेच दिसत होते. ही उणीव फक्त खालून दिसत होती. खालून ती कुणी सांगितली, तेव्हा पहिल्यांदा त्याच्यावरच अविश्वास दाखवला गेला.

"ओळख पाहायची तर पाहता येते"

यावर एक आक्षेप मला अनेकदा ऐकवला जातो, आणि तो अगदी पोकळ नाही. आउटलुकमध्ये नावावर माउस नेला की त्या माणसाचे पद, विभाग, फोन दाखवणारे कार्ड उघडते. मग मुलाने ते पाहायला हवे होते. माहिती होती, त्याने घेतली नाही.

याला माझी दोन उत्तरे आहेत. एक व्यवहाराचे. मेल पुढे पाठवला, छापला किंवा त्याचा फोटो काढला की ते कार्ड सोबत जात नाही. सामाईक पत्त्यावरून आलेल्या मेलमागे तर कुठला माणूस आहे हे कार्ड सांगूच शकत नाही.

दुसरे उत्तर नीतीचे. आज्ञा देणाऱ्याने आपण कोण ते सांगावे, की आज्ञा पाळणाऱ्याने ते शोधून काढावे? दोन्हींनी माहिती तीच मिळते, पण ओझे कुणाच्या खांद्यावर हे बदलते. वरचा माणूस चार शब्द लिहून मोकळा होतो. खालच्या माणसाला "साहेब, आपण कोण?" असे विचारावे लागते. रात्री अकरा वाजता, कंत्राटावर असताना, वरून आलेल्या मेलला असे उलट विचारायला किती धैर्य लागते हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. ज्या प्रश्नाची किंमत विचारणाऱ्याला मोजावी लागते, तो प्रश्न उद्भवूच न देणे हे वरच्याचे कर्तव्य आहे. म्हणून माझे मत असे आहे की सहीची गरज बाहेरच्यापेक्षा आतल्याला जास्त आहे. बाहेरच्याला पटले नाही तर तो व्यवहार मोडून जाऊ शकतो. आतल्याला सांगितलेले करावेच लागते.

नाव कुणाचे, पद कुणाचे

आम्ही आतल्या मेलसाठी दुसरा, लहान नियम लिहिला: नाव, काम, विभाग, फोन. सिग्नेचर एकदा लागली असेल तर पुन्हा लागू नये असा अपवाद घातला. चाचणी घेतली, आणि दोन नव्या गोष्टी समोर आल्या.

पहिली अशी. कायम नोकरीवरच्या लोकांची सिग्नेचर पूर्ण दिसत होती. कंत्राटी लोकांची मात्र नाव आणि खाली मोकळ्या ओळी. नियमात चूक नव्हती. डिरेक्टरीत त्यांच्या पदाची आणि विभागाची जागा कधी कुणी भरलीच नव्हती. सर्व्हर संस्थेला जे माहीत आहे तेवढेच सांगू शकतो. आपल्याकडे रात्र रात्र काम करणारी ही माणसे नक्की काय करतात, हे संस्थेने कुठे लिहून ठेवले नव्हते. त्या मोकळ्या ओळी भरून घ्यायला नियम लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले, आणि मला वाटते तेच खरे काम होते.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. एका सहकाऱ्याने निरोप पाठवला: "आतल्या मेलवर माझे आडनाव आपोआप लागू नये, अशी सोय होईल का?" बाहेरच्या मेलबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आतल्या मेलवर ते आजवर फक्त पहिले नाव लिहीत आले होते. कारण मी विचारले नाही. आपल्याला कुणाला विचारावे लागणारही नाही. इंग्रज ग्राहकाला मराठी आडनाव म्हणजे फक्त उच्चारायला कठीण शब्द. पण भारतीय सहकारी जिथे जास्त असतात, तिथे आडनाव माणसाच्या आधी खोलीत शिरते. मग "मूळ गाव कोणते?" असे विचारले जाते, आणि त्यामागचा खरा प्रश्न कुठला असतो हे आपण जाणतो.

इथे माझ्याच युक्तिवादाची परीक्षा होती. सही करणे हे कर्तव्य म्हणायचे, आणि एका माणसाला आपले पूर्ण नाव झाकू द्यायचे, हे कसे जुळते?

आपल्या चळवळीच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव देता येत नव्हते, ते नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. म्हणून 'मूकनायक' निनावी ठरले का? मुळीच नाही. ते पत्र कुणाच्या बाजूने बोलते, काय मागते, त्याला उत्तर द्यायचे तर कुठे द्यायचे, हे पहिल्या अंकापासून उघड होते. नाव झाकणे आणि जबाबदारी झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यावरून मी स्वतःसाठी एक भेद ठरवला. नाव माझे आहे. पद माझे नाही, ते संस्थेने ज्या कामासाठी दिले त्या कामाचे आहे. मला काय म्हणून हाक मारावी हे ठरवण्याचा हक्क माझा. पण मी कोणत्या जबाबदारीने बोलतो आहे आणि मला कुठे गाठायचे, हे जाणण्याचा हक्क तुमचा. माणसाची ओळख जन्मावरून नाही, कर्मावरून करावी, असे धम्म सांगतो. मग सहीतही कर्म ठळक हवे: मी काय करतो, कशाला बांधील आहे. जन्माने चिकटलेला शब्द तिथे हवाच असा आग्रह कशाला? डिरेक्टरीत प्रत्येकाला आपले वापरातले नाव ठेवण्याची मुभा दिली गेली. काम आणि फोन मात्र सर्वांना सक्तीचे. एकाच नावाचे दोघे असले तरी काम वेगळे दिसते, म्हणून गोंधळही टळतो.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही. सही नसली की लोक तर्काने ती भरतात: नावावरून, बोलण्याच्या ढंगावरून, आडनावावरून. आपल्या लोकांना अशा तर्कांचा त्रास सर्वांत जास्त झाला आहे. "मी या प्रणालीची जबाबदार अभियंता आहे" ही एक ओळ खाली असेल, तर समोरच्याला निदान सुरुवात तरी कामापासून करावी लागते. म्हणून जे सही टाळून स्वतःला वाचवू पाहतात, त्यांना मी प्रेमाने सांगेन: आडनाव हवे तर वगळा, काम वगळू नका.

आपोआप लागलेली सही ही सही आहे का

शेवटची शंका कदाचित सर्वांत खोल आहे. जी सही यंत्र लावते, तिच्यात माझे काय? धम्मात कर्माचे मूळ चेतना आहे, म्हणजे करण्यामागचा हेतू. मी न पाहता, न ठरवता माझ्या शब्दांखाली नाव चिकटत असेल, तर मी जबाबदारी घेतली असे कसे म्हणायचे?

शंका योग्य आहे. त्या इंग्लंडच्या गृहस्थांचे उदाहरण पाहा. सही आपोआप लागते या भरवशावर त्यांनी ती पाहणेच सोडून दिले होते. नियमाने त्यांच्या वतीने जबाबदारी घेतली, आणि नियमाच्याच अटीने ती सोडली. दोन्ही वेळा त्यांना पत्ता नव्हता. पंचशील रोज म्हटले म्हणजे पाळले असे होत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. पण म्हणून कुणी पंचशील म्हणणे सोडत नाही, कारण म्हणण्याने आठवण राहते. आपोआप लागणारी सही ही अशीच आठवण समजावी. ती विसरभोळ्याला मदत करते, पण त्याच्या जागी उभी राहू शकत नाही. आणि काही वेळा तेवढी मदतही करू शकत नाही. सांकेतिक करून बंद केलेला किंवा डिजिटल सही केलेला मेल सर्व्हरला आतून बदलता येत नाही. त्याच्या खाली जे लिहायचे ते आपल्यालाच लिहावे लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या मेलमध्ये आपण कुणाला काही करायला सांगतो, काही थांबवायला सांगतो, कुणाच्या कामावर मत देतो, त्या मेलखाली आपले नाव आणि काम स्वतः टंकावे. सर्व्हर नंतर पुन्हा जोडेल, जोडू द्या. दोनदा आले तर कुणाचे नुकसान नाही. ते चार शब्द टंकताना क्षणभर हात थांबतो, आणि "हे मी खरोखर सांगू इच्छितो का, ते सांगण्याचा मला अधिकार आहे का?" असा विचार मनात येतो. तो क्षण यंत्र आपल्यासाठी देऊ शकत नाही.

आपल्या घरात पाहू या

हे सगळे फक्त कंपन्यांबद्दल नाही. परदेशातल्या आपल्या संघटनांचे काम मेल आणि व्हॉट्सॲपवरच चालते. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी सभागृह ठरते, वर्गणी ठरते, कुणी बोलायचे ते ठरते, आणि संदेश येतो: "असे ठरले आहे." खाली लिहिलेले असते "कार्यकारिणी" किंवा तेही नाही. देणगीदारांना आणि पाहुण्यांना जाणारी पत्रे मात्र नाव, पद, सही असलेली, व्यवस्थित असतात. आपणही नकळत तीच अट घातली आहे: मिळणारा बाहेरचा असेल तरच.

गेल्या महिन्यात शिकायला आलेली मुलगी, नुकतेच नोकरीवर आलेले कुटुंब, मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा हे त्या गटात असतात. त्यांना "असे ठरले आहे" एवढेच दिसते. कुणी ठरवले, शंका कुणाला विचारायची, हे दिसत नाही. ते विचारत नाहीत. काही दिवसांनी ते यायचे बंद होतात, आणि आपण म्हणतो की लोकांना आता चळवळीची ओढ राहिली नाही.

कंपनीतल्या त्या मुलावरची लेखी नोंद पुढे मागे घेतली गेली, हे नमूद करतो. पण नियमातली अट सापडली नसती तर ती नोंद तशीच राहिली असती, आणि मुलगा निष्काळजी आहे असेच सर्वांनी मानले असते.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करून पाहा. आपल्या कार्यालयात सर्वांत नव्या सहकाऱ्याला विचारा, "माझा मेल तुझ्याकडे पोचतो तेव्हा खाली काय दिसते?" आणि आपल्या संघटनेच्या गटात पुढचा निर्णय कळवताना खाली एक ओळ जोडा: कोणी कळवले, कोणत्या जबाबदारीने, आणि शंका असल्यास कुणाला फोन करावा. पहिल्या प्रश्नाचे जे उत्तर येईल ते खरे माना, आपल्या सेंट आयटम्समध्ये काहीही दिसत असले तरी.

जय भीम. नमो बुद्धाय.